उंदीर, डाऊनी आणि एम.एस्सी. गणित

सांगलीत राहून गणितात एम.एस्सी. केलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बी.एड. करणार, एमपीएससी देणार, की क्लास काढणार? मी "गणिती जीवशास्त्रात पीएच.डी." म्हणाले की समोरचा जरा थांबायचा आणि म्हणायचा, "बायोलॉजीत कुठलं आलं गणित?" त्यांचंही बरोबर होतं. दहावीनंतर आपल्याकडं पीसीएम आणि पीसीबी अशा दोन रांगा लागतात आणि एका रांगेतल्याला दुसरीकडं काय चाललंय याचा पत्ता नसतो. मी पीसीएमवाली. बारावीला बायोलॉजी नव्हती, बी.एस्सी.ला तर प्रश्नच नव्हता. आज मी द्राक्षाच्या पानावर डाऊनी हा रोग कधी येणार याची समीकरणं मांडते आणि त्याबद्दल मला दरमहा फेलोशिप मिळते. मधे काय काय झालं ते लिहिते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा हे मराठीत एका जागी सापडलं नव्हतं.

सुरुवात एका आलेखानं झाली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवणाऱ्या सरांनी केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ सालचा पेपर वाचायला दिला. साथीच्या रोगांच्या गणिताचा हा पाया. कोव्हिडमध्ये टीव्हीवर 'आर नॉट' (एका रोग्यापासून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) सारखा कानावर पडायचा, त्यामागचा विचार इथं आहे. केरमॅक एडिंबरामधला रसायनवाला, प्रयोगशाळेतल्या अपघातात विशीतच दृष्टी गेलेला. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. आणि त्यांनी ताडून बघायला घेतलेले आकडे होते मुंबईचे! १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगनं किती माणसं दगावली त्याचे.

त्यांचं सूत्र असं: आठवड्याचे मृत्यू म्हणजे ८९० गुणिले सेक-स्क्वेअर (०.२ टी वजा ३.४). टी म्हणजे आठवडे, सेक-स्क्वेअर म्हणजे घंटेसारखी चढून उतरणारी रेघ. कंसातली किंमत शून्य होते सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. तिथं शिखर, आठवड्याला ८९०. मी आकडे कॉम्प्युटरवर घातले, ठिपके काढले, वरून सूत्राची रेघ ओढली. रेघ ठिपक्यांवरून इतकी सरळसोट चढते-उतरते की गणित शिकलेल्या माणसाला भरून येतं.

घरी तासगावकडं गेले तेव्हा आजीला तो आलेख दाखवला. कौतुकानं, हेही खरं. आजी म्हणाली, "यात उंदरं कुठं हायत?" तिच्या आजीकडून तिनं ऐकलेलं होतं: घरात उंदीर पडायला लागले की माणसं पडायची वाट बघायची नाही, गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं. पेपरातल्या समीकरणांत माणसांचे तीन गट आहेत, लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून सुटलेले किंवा गेलेले. उंदीर नाहीत, पिसवा नाहीत. लेखकांनी माणसांतला प्लेग म्हणजे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब, एवढं गृहीत धरून काम भागवलं होतं. पण मुंबईत प्लेग दर वर्षी ठरावीक मोसमात चढायचा आणि ऊन तापलं की उतरायचा. मग तो उतार लागण होण्याजोगे जीव कमी झाले म्हणून, की हवामान पिसवांना मानवलं नाही म्हणून? रेघ दोन्हीकडं तशीच बसते. पुढं शोधताना कळलं की निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानं २०१२ साली नेमका हा मुद्दा धरून, मोसम आणि उंदीर-पिसवा धरून, तेच आकडे पुन्हा तपासले आहेत. म्हणजे आजीचा प्रश्न पेपर होण्याच्या लायकीचा होता. मला हे क्षेत्र आवडलं ते त्या दिवशी.

या विषयातली आपली माणसं तर डोळ्यासमोरच होती. दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत. पण पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना, चाळीसच्या दशकात, त्यांनी एक सूत्र दिलं. दोन जनुकं संकराच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून सुटतात, त्यावरून ती गुणसूत्रावर किती अंतरावर आहेत हे काढायचं सूत्र. पिकांचे जनुकीय नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही 'कोसंबी' असा पर्याय दिसतो. त्या सूत्रात हायपरबोलिक टॅन आहे, आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह काढलं की प्लेगच्या सूत्रातला सेक-स्क्वेअर बाहेर येतो. (याचा अर्थ काहीही नाही. मला गंमत वाटली, एवढंच.) दुसरे पां. वा. सुखात्मे, आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. नमुना सर्वेक्षणाच्या सिद्धांतातलं मोठं नाव. भारतीय कृषी संशोधन परिषदेत आणि मग रोमला एफएओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते. एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, मग सगळ्यांना एकच ठरीव आकडा लावून कुपोषित मोजाल तर मोजणी फुगेल, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मोठा वाद झाला. बुधमधून रोमपर्यंत जाता येतं, हा मुद्दा मी घरी वापरून घेतला.

आता परीक्षा. हा भाग रटाळ आहे, पण इथंच मुलं अडकतात. बी.एस्सी.नंतर यायचं असेल तर आयआयटींची जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, किंवा आयसरसारख्या विज्ञान संस्थांची इंटिग्रेटेड पीएच.डी. बघा. एम.एस्सी.नंतर मुख्य दरवाजा सीएसआयआर-नेटचा, विषय मॅथेमॅटिकल सायन्सेस. शिवाय गेट, गणितासाठी एनबीएचएमची शिष्यवृत्ती परीक्षा, आणि टीआयएफआर घेते ती जेजीईईबीआयएलएस (नाव घेतानाच दम लागतो). ही शेवटची परीक्षा जीवशास्त्राची असली तरी तिच्यात गणित-भौतिकीचे प्रश्नही असतात, त्यामुळं बायोलॉजी न शिकलेल्यांनी घाबरून फॉर्म सोडू नये. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढं एसआरएफ (सीनियर) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. घरच्यांशी बोलताना हा आकडा आधी सांगा, मग विषय समजावा. उलट क्रमानं करून बघितलंय, उपयोग होत नाही.

नेटच्या तयारीत गणिती जीवशास्त्र असं काही नसतं. रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रॉबॅबिलिटी हेच. माझी शिफारस: प्रॉबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स टाळू नका. आपल्याकडच्या गणितवाल्यांना स्टॅटिस्टिक्स म्हणजे कमी जातीचा विषय वाटतो. या क्षेत्रात आल्यावर रोजची भाकरी त्याचीच असते.

परीक्षेइतकाच उपयोग झाला तो तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा. बंगळुरूची इंडियन ॲकॅडमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नॅशनल ॲकॅडमी मिळून ती चालवतात. साधारण दोन महिने एखाद्या संशोधकाकडं जाऊन काम करायचं, येण्याजाण्याचं भाडं आणि विद्यावेतन मिळतं. अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी निघतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतच लिहायला बसायला पाहिजे. अर्जात तुम्हाला काय करायचंय यावर थोडक्यात लिहायचं असतं. बहुतेक जण तिथं "मला संशोधनाची आवड आहे" असं लिहितात. मी द्राक्षबाग, डाऊनी आणि हवामान केंद्राचे आकडे असं लिहिलं. माझे मार्क काही डोळे दिपवणारे नव्हते, निवड त्या परिच्छेदावर झाली असं मला पुढं गाइडनी सांगितलं.

त्या दोन महिन्यांत सिद्धांत फार शिकले नाही. आर ही आकडेवारीची संगणकभाषा वापरायला शिकले, थोडी पायथन, आणि आकडे साफ करायला. तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, बागेत हवामान केंद्र बसवलेलं आहे. त्यात पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजणारा एक सेन्सर असतो. तळहाताएवढी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या जवळजवळ ओढलेल्या रेघा. पाणी पडलं की विजेचा रोध बदलतो आणि यंत्र 'ओलं' अशी नोंद करतं. ही पट्टी मांडवात पानांच्या बरोबरीनं टांगतात. आकड्यांत मला अधूनमधून सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला ओलाव्याचे उंचवटे दिसायला लागले. पाऊस शून्य, दव त्या वेळेपर्यंत वाळत आलेलं. गाइडच्या लॅबमधल्या मुलानं सेन्सर बिघडलाय असं ठरवून ते दिवस काढून टाकायचं सुचवलं. मी तात्यांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, औषध मारतोय की आम्ही त्या टायमाला. ब्लोअर गेला की पट्टी बी भिजणारच." त्यांच्या डायरीतल्या फवारणीच्या तारखा आणि माझे उंचवटे जवळजवळ सगळे जुळले. म्हणजे ते दिवस फेकायचे नव्हते, उलट फवारणीच्या वेळा आयत्या मिळाल्या होत्या. हे मला तीन पुस्तकं वाचून कळलं नसतं. बागेतून आलेल्या मुलाला जे फुकट ठाऊक असतं, त्याची या क्षेत्रात किंमत आहे, हे मात्र तेव्हा पक्कं समजलं.

मुलाखतींचं सविस्तर सांगते, कारण तिथं खरी परीक्षा होते. या विषयाची अडचण अशी की तो दोन्ही घरचा पाहुणा. गणिताच्या एका विभागात मला सांगितलं गेलं की यात नवं प्रमेय काही दिसत नाही. जीवशास्त्राच्या एका विभागात विचारलं, तुम्ही पिपेट हातात धरलंय का? दोन्हीकडून नकार. मग अशा जागा शोधल्या जिथं दोन्हीकडची माणसं एकाच पॅनेलवर बसतात. आपल्या देशात त्या कमी नाहीत: बंगळुरूला एनसीबीएस (जीवशास्त्राची संस्था), आयसीटीएस (सैद्धांतिक विज्ञानाची) आणि आयआयएससीचा गणिताचा आंतरविद्याशाखीय पीएच.डी. कार्यक्रम, चेन्नईचं इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, जिथं शेती आणि परिसंस्थेवर काम करणारा वेगळा विभाग आहे, पुण्याचं आयसर. दिल्लीत जेएनयूचं कॉम्प्युटेशनल सायन्सचं स्कूल. अर्ज करताना संस्थेचं नाव न बघता तिथल्या प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन पेपर उघडून बघा. नुसते गोषवारे वाचले तरी कुणाकडं अर्ज करण्यात अर्थ आहे ते कळतं.

शेवटी जिथं लागले तिथल्या पॅनेलवर एक गणितज्ञ, एक भौतिकीवाले आणि प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या एक मॅडम होत्या. सुरुवात सोपी. लॉजिस्टिक वाढ लिहा, म्हणजे आधी भराभर आणि मग एका मर्यादेपाशी थांबणारी वाढ. तळ्यातले मासे समजा. आता दर वर्षी ठरावीक मासे काढले तर? समीकरणात वजा एच लिहिलं, आलेख काढला, एच जर आर (वाढीचा वेग) गुणिले के (तळं जास्तीत जास्त किती मासे पोसतं ती संख्या) भागिले चारच्या पुढं गेला तर समतोल उरतच नाही, मासे संपतात, हे दाखवलं. गणितज्ञ खूश. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "तळ्याकाठी उभ्या आहात. हा के कसा मोजाल?" फळ्यावर मी के कितीदा लिहिला असेल, पण तो मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, मासेमारी बंद असलेली काही वर्षं मिळाली तर संख्या कुठं स्थिरावते ते बघता येईल, पण पाऊस कमी-जास्त झाला तर के स्वतःच हलेल. त्यावर चांगलीच चर्चा झाली. मग भौतिकीवाल्या सरांनी आवडता पेपर विचारला. मी प्लेगचा सांगितला, आलेख काढला. "फिट चांगला आहे, मग अडचण काय?" मी आजीचा प्रश्न सांगितला, उंदीर आधी पडतात म्हणजे माणसांच्या आकड्यांच्या मागं आणखी एक साथ आहे, आणि ती मोजली नाही तर हा उतार कशामुळं आला ते नुसत्या रेघेवरून सांगता येणार नाही, असं म्हटलं. सरांनी विचारलं, आजी काय करतात? म्हटलं, बेदाणा निवडतात.

आता पोटापाण्याचं. हा प्रश्न विचारायला मुलं लाजतात, लाजू नये. माझ्या आधीच्या बॅचमधली माणसं कुठं गेली ते सांगते. औषध कंपन्यांत आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांत फार्माकोमेट्रिक्स नावाचं काम असतं: गोळी घेतल्यावर रक्तात औषध किती चढतं, किती वेळात उतरतं, लहान मुलाला किंवा किडनी अशक्त असलेल्याला डोस किती द्यायचा, याची मॉडेल्स. हे सरळसरळ डिफरन्शियल इक्वेशन्सचं काम आहे आणि गणितवाल्याला सगळ्यात जवळचं. क्लिनिकल ट्रायल्सच्या आकडेवारीत स्टॅटिस्टिक्सच्या एम.एस्सी.लाही मागणी असते, एसएएस आणि आर येत असेल तर पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू इथं जागा निघतात, त्यासाठी पीएच.डी. लागतेच असं नाही. जिनोमिक्समध्ये, म्हणजे जनुकांच्या माहितीच्या कामात, प्रोग्रामिंग जास्त. सार्वजनिक आरोग्यात जायचं तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आयसीएमआरचीच आहे, तिथं प्रकल्पांवरच्या जागांच्या जाहिराती येतात, त्या कंत्राटी असतात हे धरून चला. परदेशात पोस्टडॉकला जाणारेही बरेच. ऑक्सफर्डला तर १९८३ पासून गणिती जीवशास्त्राचं स्वतंत्र केंद्र आहे.

आणि परत येऊन आपल्याच भागात कॉलेजात शिकवायचं असेल तर? इथं डोळे उघडे ठेवा. कायम जागा कमी, तासिका तत्त्वावरची माणसं जास्त. त्यात आपली पीएच.डी. जीवशास्त्र विभागातली असेल तर गणिताच्या जागेवर अर्ज करताना 'संबंधित विषय' या दोन शब्दांवर अडवणूक होऊ शकते. माझ्या एका सीनियरची फाइल याच कारणावरून एका कॉलेजात बरेच महिने अडकून होती. म्हणून नेट किंवा सेट गणितातच काढून ठेवा, एम.एस्सी.ची पदवी गणिताचीच राहू द्या, आणि प्रबंधाच्या नावात 'मॅथेमॅटिकल' हा शब्द येईल एवढं बघा. तत्त्वाला धरून नाही हे, पण फाइल बघणारा बाबू पेपर वाचत नाही, नाव वाचतो.

माझं सध्याचं काम द्राक्षावर. युरोपात डाऊनीसाठी तीन दहाचा जुना आडाखा आहे: तापमान १० अंशांवर, वेलीची नवी फूट (कोंब) १० सेंटिमीटरची, आणि एक-दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस, की पहिली लागण धरून चालायची. तासगाव-मिरज पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पहिल्या महिन्यात तापमान १० च्या खाली येतच नाही, त्यामुळं पहिली अट बाद. शिवाय आपल्याकडं वेल वर्षातून दोनदा छाटतात आणि मधल्या काळातही तिच्यावर पानं असतात, युरोपातल्यासारखा बर्फाचा खंड रोगाला पडत नाही. म्हणजे आडाखा उचलून आणता येत नाही, इथल्या आकड्यांवर नव्यानं बांधावा लागतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीनं बागा कशा झोपवल्या ते इथं सगळ्यांनी बघितलंय. अशा वर्षाचे आकडे मॉडेलला फार शिकवतात, फक्त त्या वर्षी नोंदी ठेवायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

गेल्या हंगामात फुलोऱ्याच्या सुमाराला तात्यांनी विचारलं, "तुझं गणित काय म्हणतंय? मारायचं का औषध?" मी म्हटलं, "साठ टक्के शक्यता आहे, तात्या." ते म्हणाले, "मग साठ टक्के बागेवर मारू का?"

त्यांचा टोला वर्मी बसला आणि प्रबंधात एक प्रकरण वाढलं. शक्यता सांगून शेतकऱ्याचं भागत नाही, त्याला हो किंवा नाही पाहिजे. त्यासाठीचा साधा नियम असा: एका फवारणीचा खर्च भागिले ती न केल्यानं होणारं नुकसान. लागणीची शक्यता या गुणोत्तरापेक्षा जास्त असली तर फवारायचं. पण फवारणीचा खर्च म्हणजे नुसता औषधाचा आणि डिझेलचा नाही. युरोपला माल पाठवणाऱ्याला औषधाच्या अंशाची मर्यादा सांभाळावी लागते, त्याच्यासाठी जादाची एक फवारणी महागात पडू शकते. बेदाणा करणाऱ्याचं नुकसानीचं गणित वेगळं. म्हणजे शेजारशेजारच्या दोन बागांत, सारख्याच हवामानात, एकाला 'मार' आणि दुसऱ्याला 'थांब' सांगावं लागेल. येत्या ऑक्टोबर छाटणीपासून दोन्ही प्रकारच्या बागांच्या खर्चाच्या डायऱ्या गोळा करायच्या ठरल्यात. तात्यांनी स्वतःची द्यायचं कबूल केलंय, उधारीची पानं सोडून.